मिलिंद कशालाच शिवत नव्हता

"ताई, हे गाडीतून उतरूनच नाही राह्यले," एवढंच संगीता फोनवर म्हणाली. संगीता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची बायको. कधी आवाज न चढवणारी. मी अनसिंगहून त्यांच्या गावी पोचले तेव्हा लोकांनी त्याला पिकअपमधून काढून ओसरीत निजवलं होतं. अंगणात गाडी नेहमीसारखी नीट लावलेली, हँडब्रेक ओढलेला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस मार्केटमध्ये सोयाबीन उतरवून घरी येतो, गाडी बंद करतो, स्टिअरिंगवर डोकं टेकवतो... आणि संपतो. त्याला अजून स्मशानात न्यायचं होतं, तेवढ्यात माझ्या पाठीमागे कोणीतरी कुजबुजलं, "लपूनछपून पेत असन." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! त्या माणसाचं नाव मला माहीत आहे. इथे लिहीत नाही, एवढीच माझी सभ्यता.

मिलिंद पूर्वी प्यायचा, हे खरं आहे. विहारात पंचशील आम्ही सगळेच म्हणतो. पाचवं, नशा न करण्याचं शील आलं की निम्म्या पुरुषांचा आवाज खाली जातो. सहा वर्षांपूर्वी एका बुद्धपौर्णिमेला मिलिंदने ते मोठ्याने म्हटलं आणि त्या दिवसापासून दारूच्या थेंबाला शिवला नाही. संगीता वर्षभर गुपचूप त्याचं तोंड हुंगत होती, मग तिनेही ते सोडून दिलं. हंगामात ढाब्यावर बाकीचे ड्रायव्हर ग्लास भरायचे तेव्हा याच्या हातात एनर्जी ड्रिंकची बाटली असायची. "याच्यात काईच नाही, ताई. शक्तीचं असते हे." आम्हाला केवढं कौतुक त्याचं! सकाळी डब्यासोबत संगीता स्वतः दोन बाटल्या गाडीत ठेवायची. जयंतीच्या मिरवणुकीत त्याने सरबताऐवजी तेच वाटलं, खोकेच्या खोके. आणि मी, जिल्हा परिषद शाळेची मास्तरीण, पोरांना रांगेत उभं करून एकेकाच्या हातात बाटली दिली. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सोयाबीन निघालं की भाड्यावर भाडं. झोप नाही, धड जेवण नाही, घरच्या दोन बाटल्या संपल्या की रस्त्यात आणखी दोन-तीन. मागच्या हंगामात चहाची बशी धरताना त्याचा हात थरथरायला लागला. "छातीतलं इंजन मिसिंग मारून राह्यलं, ताई," तो हसत म्हणाला. मी त्याला दटावून वाशीमला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, कागद बराच वेळ पाहिला, ठोके चुकताहेत म्हणाले. मग विचारलं, "व्यसन काही? आणखी रोज काही घेता का?" मिलिंद काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. मी त्याला बोलूच दिलं नाही. "साहेब, माझा भाऊ कशालाच शिवत नाही!" काय ताठ मानेने बोलले मी... तो लाजून खाली बघत राहिला. गोळ्या मिळाल्या, पंधरा दिवसांनी पुढच्या तपासणीला बोलावलं. बाहेर पडल्याबरोबर त्याने समोरच्या दुकानातून थंड बाटली घेतली. त्याच्या हातात ईसीजीचा कागद होता, म्हणून टोपण मी उघडून दिलं.

त्या तपासणीआधीच तो गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी त्याची फाइल घेऊन त्याच डॉक्टरांपुढे बसले आणि बाटल्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ह्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, मॅडम. पण ठोके आधीच चुकत होते, त्यात जागरण, वर रोज इतकं कॅफिन... मला कळलं असतं तर सगळ्यात आधी तेच बंद केलं असतं." मी भडकले. बाटलीचं नाव घेऊन का नाही विचारलंत? प्रत्येक पानठेल्यावर ती लटकलेली असते, तुमच्या दारासमोर विकतात! "विचारायला हवं होतं," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या शांतपणाचा मला आणखी राग आला. दारूच्या दुकानात शिरताना माणूस निदान इकडेतिकडे बघतो. हे विष माझ्या शाळेच्या फाटकासमोर टांगलेलं आहे, चौथीतली पोरं ते पिऊन वर्गात येतात, आणि कोणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

तिथून मी संगीताकडे गेले. भेटायला येणाऱ्या बाया तिला एकच सांगत होत्या: माणूस गेला, पण निर्व्यसनी गेला. तेवढ्याच एका गोष्टीवर ती उभी होती, आणि तीच मला काढून घ्यायची होती. सांगितलं मी. डॉक्टरांचंही आणि माझंही. ती रडली नाही. उठून फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात त्याने आणून ठेवलेल्या तीन बाटल्या होत्या. त्यातली एक काढून तिने पदराने पुसली आणि माझ्यापुढे धरली. "काय लिवलं याच्यावर? वाचून दाखवा." चष्मा लावूनही नीट दिसेना, इतकी बारीक इंग्रजी अक्षरं. लहान मुलांनी घेऊ नये, गरोदर बायांनी घेऊ नये, कॅफिन सोसत नसेल त्यांनी घेऊ नये, दिवसाला ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये... मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले.

"हे पह्यलेपासून लिवलेलं होतं?"

"हो."

तिने बाटली माझ्या हातातून परत घेतली. मग म्हणाली, "मले नाही येत. पण ताई, तुमाले तं इंग्रजी येते ना?"