सासूबाईंनी लावलेला योगा

सासू गेली त्या दिवशी माझं बीपी नॉर्मल होतं.

हॉस्पिटलच्या बाकावर मी नुसती बसले होते. नर्सला वाटलं मी पडणार. तिने मशीन आणून दंडाला पट्टा गुंडाळला.

"नॉर्मल आहे हो," ती म्हणाली.

आत सासूबाई गेल्या होत्या. न्यूमोनिया झाला होता. बाहेर माझं बीपी नॉर्मल. मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाहीये. म्हणून लिहितेय.

काही वर्षांपूर्वी घाटकोपरला ऑफिसमध्ये डेस्कवर बसल्या बसल्या माझ्या नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि आधी मला झोपवलं, मग बोलले. गोळी सुरू. मीठ कमी. "योगा करा, मदत होते. पण गोळी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

घरी येऊन मी सांगितलं. आई भाजी निवडत होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मालवणच्या. आमचं तोवर फार काही जमत नव्हतं. भांडण नाही, पण गप्पाही नाहीत.

त्या उठल्या. लोणच्याची बरणी आणि खारवलेला बांगडा शेजारी देऊन आल्या.

संदेश, माझा नवरा, ओरडला, "अगं आई, बीपी हिला आहे ना?"

"मगे तुझा तू शिजव," आई म्हणाल्या.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये देसाई मॅडमचा योगा क्लास चालतो.

मी म्हटलं, "आई, सगळ्या ओळखीच्या बायका. मला लाज वाटते."

"मगे मी येतंय. माका बघून हसतले. तुझ्याकडे कोण बघूचा नाय."

आणि आल्या खरंच. नऊवारी नाही, पाचवारी नाही. माझा जुना पंजाबी ड्रेस घालून. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांना स्वतःला बीपी नव्हतं. काहीच नव्हतं.

मॅडमनी मला सांगितलं होतं, डोकं खाली जाईल असं काही करायचं नाही. श्वास रोखायचा नाही. हळू घ्यायचा, त्याहून हळू सोडायचा.

मला सवय, टेन्शन आलं की श्वास धरून ठेवायची. बाजूच्या मॅटवरून आवाज यायचा, "सोड गो तो श्वास. धरून कित्याक ठेवतंस?"

सगळा हॉल हसायचा.

शवासनात आई घोरायच्या. मॅडम घोरू द्यायच्या.

क्लास सुटला की आम्ही दोघी कोपऱ्यावर अर्धा अर्धा चहा घ्यायचो. तिथे त्या बोलायला लागल्या. लग्नानंतर गिरणीच्या चाळीत आल्या तेव्हा त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, बाई तुला काय होतंय का. असं एकदाच बोलल्या. मग चहा गार झाला म्हणून चहावाल्याला ओरडल्या.

बीपी हळूहळू उतरलं. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला. मी उडायला लागले.

"आता बंदच करते गोळी. योगा आहे ना."

"डॉक्टरान सांगल्यान?"

"नाही."

"मगे गप खा."

खाल्ली. आजही खाते.

या महिन्यात त्यांना साधा ताप आला. मग खोकला. मग थेट आयसीयू. मास्क बाजूला करून मला विचारलं, "योगाक गेल्लंस?"

मी म्हटलं, "आई, आता कुठे योगा."

"जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. वय झालं होतं, फुफ्फुसं थकली, असं डॉक्टर म्हणाले.

घरी नातेवाईक रडले. मी चहा केला. कोणीतरी म्हणालं, सून किती खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही यार. आत सगळं बधिर आहे.

काल तेरावं झालं. आज सकाळी क्लासला गेले.

बाजूची जागा कोणीच घेतली नव्हती. मी सगळं केलं. शेवटी आडवी झाले. हॉलमध्ये इतकी शांतता असते, हे मला माहीतच नव्हतं.

घरी आल्यावर संदेशने विचारलं, "रडलीस?"

"नाही. तू?"

"नाही."

मग आम्ही नाश्ता केला.

आई, 'भावपूर्ण' लिहायला घेतलं आणि खोडलं. तो भाव अजून आलेला नाही. येईल तेव्हा येईल.

आज नुसतीच श्रद्धांजली.

तुमची स्मिता