हातभर उंच केलेला सांडवा

तळं आमचं होतं. सरकारचं नाही, ग्रामपंचायतीचं नाही. आमच्याच रानात, आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैल जुंपून माती ओढून घातलेला बांध. पण कुणी विचारलंच तर आबा म्हणायचे, "तळं कुणाचं असतं व्हय? पाणी ज्याला लागतं त्याचं."

बांधाखाली माझी आत्या राहायची. नवरा गेलेला, एकटी, दोन म्हशींवर पोट. तिच्या विहिरीला पाझर होता तो या तळ्याचाच. दुष्काळाची लागोपाठची वर्षं होती. मी शहरात, पुंडलिकनगरात राहून नोकरी करायचो आणि तिथंही टँकरमागं हंडा घेऊन पळायचो. त्या दिवसांत आत्यानंच डोकं चालवलं. जादा पाणी ज्या सांडव्यावरून निघून जातं, तोच हातभर उंच करायचा! दगड तिनं दिले, आबांनी रचले, सिमेंट मी शहरातून नेलं. पुढच्या पावसात हातभर पाणी जास्त थांबलं. गावानं वाहवा केली. मलाही लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग शहर आमच्या रानाला येऊन भिडलं. वरच्या माळावर प्लॉट पडले, सिमेंटचे रस्ते झाले. जे पाणी माळात जिरत जिरत दिवसभरानं यायचं, ते घटकाभरात धडकायला लागलं. आम्हाला दिसत होतं की. पण तहानलेल्या माणसाला जास्त पाण्याचं भ्या कधी वाटलंय?

एका पावसाळ्यात दोन दिवस झड लागली. सकाळी मी पोचलो तर पाणी बांधाच्या माथ्याला चार बोटं कमी. पहार घेतली, सांडव्यावरचे दोन दगड उखडले. तेवढ्यात आत्या धावत आली अन् दोन्ही हातांनी पहार धरली. "आरं मुडद्या, थेंबाथेंबाला मोताद झालो आपण, अन् तू सोडून देतो? माझी हिर भरायचीय अजून!" आबा बांधावर नुसते उभे. फोड म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

मी पहार खाली ठेवली.

दुपारी बांध मधोमध फुटला. आत्या आमच्यापाशी वर होती म्हणून जगली. तिचं घर गेलं, म्हशी दाव्यासकट गेल्या. ती रडली नाही, बघत राहिली. मला तिच्याकडं बघवेना.

पंचनाम्याला तलाठी आला. मालक कोण, म्हणाला. आबा पुढं झाले. "मी. सांडवा बी मीच वाढवला."

"दगड माझे व्हते," आत्या म्हणाली.

मी गप्प उभा होतो. भावकीत अजून बोलतात, आत्याचा शब्द मोडवेना म्हणून थांबला बिचारा. कसलं काय! उन्हाळ्यात विहिरी आटल्या तर यानंच पाणी सोडलं म्हणून गाव मला बोल लावेल, एवढ्याच भीतीनं मी थांबलो. म्हातारीच्या हातात जोर तो केवढा. एक हिसडा दिला असता तर पहार सुटली असती.