गवत्याची अंडी पांढरी का पडत होती

"मॅडम, नरांचा डोस डबल करा और बात खतम," आमच्या ऑफिसातले सर फोनवर म्हणाले.

माझ्यासमोर टबात गवत्या माशाची अंडी होती. सकाळी ती शिजलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसत होती, आता कच्च्या साबुदाण्यासारखी पांढरी. अंडं पांढरं पडलं म्हणजे ते फळलंच नाही.

आमगावच्या पुढच्या एका गावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बायांचा गट ही हॅचरी चालवतो. गटाच्या अध्यक्ष अनसूयामावशी. गावचा तलाव पाणगवतानं गच्च भरला होता, जाळं टाकायला जागा नव्हती. गवत खाणारा हा मासा त्यात सोडायचा, तर बाहेरून आणलेलं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, वाटेतच मरायचं. म्हणून मावशींनी भांडून हॅचरी उभी केली. ओळीनं दोनदा अंडी वाया गेल्यावर गावच्या मच्छीमार संस्थेतल्या माणसांनी सांगून टाकलं, यंदा बीज निघालं नाही तर हॅचरी ठेकेदाराला देऊ. आणि अंड्यांनी पिकलेली मादी एकच उरली होती.

मी कामठ्याच्या ढिवराची पोरगी. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मीच, आणि हे मी कुठंही सांगते. पहिली नोकरी कोकणात, समुद्री माशांच्या हॅचरीत केली. आता या हॅचरीत काय चुकतंय ते शोधायला सरांनी मला पाठवलं होतं.

गवत्या हौदात आपणहून अंडी घालत नाही. हार्मोनचं इंजेक्शन देऊन मादीचं पोट हलकं दाबून अंडी काढायची, नराचं दाबून मिल्ट. मिल्ट म्हणजे नराचं वीर्य, दिसायला दुधासारखं. दोन्ही कोरड्या वाडग्यात पिसानं कालवायचं, पाणी त्यानंतर.

मादीनं अंडी सोडली होती, म्हणजे औषध चांगलं होतं. नरांनाही त्याच कुपीतलं दिलेलं. कोकणात जिताड्याचे नर बंदिस्त जागेत मिल्ट द्यायला कुरकुरत. दिलं तरी घट्ट, थेंबभर. हार्मोननं ते पातळ होतं, जास्त येतं. इथं मिल्ट भरपूर येत होतं, मग डोस कायले वाढवायचा? सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमच्या जबाबदारीवर."

मावशींनी काढलेलं मिल्ट मी मायक्रोस्कोपखाली घातलं. काही हललं नाही. पाण्याचा थेंब टाकला, तरी नाही. शुक्राणू नराच्या पोटात झोपलेले असतात. समुद्री माशाचे खाऱ्या पाण्यानं जागे होतात, गवत्याचे गोड्या पाण्यानं. जागे झाले की मिनिटभर पळतात आणि संपतात. हे माझ्याकडे येण्याआधीच संपले होते.

मग त्याच नराचं पोट टॉवेलनं पुसून कोरड्या चमच्यात एक थेंब घेतला. पाणी लावलं. सगळी स्लाइड उकळल्यासारखी झाली.

नर तोच, औषध तेच. मी मावशींना म्हटलं, एकदा काढून दाखवा. त्यांनी वाडगा विसळला. कोपरापर्यंत हात बादलीत बुडवले, ओल्या हातांनी नर उचलला आणि मिल्ट काढलं. हातावरचं पाणी त्याच वाडग्यात टपकत होतं. शुक्राणू अंड्यांपर्यंत जायच्या आधीच जागे होऊन मरत होते.

"मावशी, हात पुसून धरा."

"कोरड्या हातानं? जित्या माश्याले?" त्यांनी नर हौदात सोडला. "तुया बापानं हेच शिकवलं का वो पोरी?"

बापानं उलटच शिकवलं होतं. कोरडा हात लागला की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा रोगी पडतो. कॉलेजातही तेच शिकवलं. मावशींचं बरोबरच होतं. त्या रीतीनं त्यांनी नर धडधाकट ठेवले होते, आणि तीच रीत मिल्ट मारत होती.

"मासा ओल्या हातानंच धरा," मी म्हटलं. "फक्त पोटाखालची एवढी जागा मला कोरडी पाहिजे."

"मंग दोघी लागतीन."

"दोघी आहोत ना."

"कॉलेज शिकून आली न टॉवेल धरून राहिली," असं म्हणत मावशींनी दुपट्टा भिजवला.

शेवटच्या मादीच्या वेळी वाडगा उन्हात वाळवून घेतला. मावशींनी ओल्या दुपट्ट्यात एकेका माशाचं डोकं आणि अंग धरलं, मी पोट पुसत गेले. मिल्टचा पहिला थेंब बाहेर सोडला, कारण त्यात लघवी असते. मग अंडी, मिल्ट, पीस, आणि सगळ्यात शेवटी पाणी.

दुसऱ्या सकाळी अंडी उबवायच्या जारमध्ये थोडी अंडी पांढरी होती. बाकीच्यांच्या आत पिल्लं वळवळत होती. मावशी बराच वेळ जारला नाक लावून उभ्या होत्या. मग संस्थेतल्या माणसांना बोलवायला स्वतःच गेल्या. हॅचरी गटाकडेच राहिली.

रिपोर्टमध्ये ट्रीटमेंटच्या रकान्यात मी 'कोरडा टॉवेल' लिहिलं. सरांचा फोन आला, "ये कोई ट्रीटमेंट है क्या?"

"हो सर," मी म्हटलं. "डोस वाढवायची गरज नाही."