कंदीलवाल्या मुलीचा भाग

आम्ही सगळे खेळायचो त्या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला सर्वांत चांगला भाग कोणता, यावर गोव्यातल्या तुयेच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हमरीतुमरी व्हायची. एकाला लढाया हव्यात, दुसऱ्याला चित्रं. दर भागात गाव नवं, माणसं नवी, जखमा भरणाऱ्या औषधाच्या बाटल्या तेवढ्या जुन्या. त्यामुळे ज्याने जो भाग आधी खेळला त्याला तोच सोन्याचा. मीही तोंड घालायचे. गप्प बसणं मला कधी जमलंच नाही.

माझं मत ठरलं ते वहिनीमुळे. दादा जहाजावर नोकरीला. सुट्टीत त्याने गेम खेळायचं यंत्र आणि मालिकेचे दोन-तीन भाग आणले आणि पुन्हा समुद्रावर गेला. मागे वहिनी राहिली, सावंतवाडीकडची, मूळची हसरी. त्या वर्षी तिची मुलगी बारशाआधीच गेली. नावच ठेवलेलं नाही, तर घेणार काय? आईने पाळणा माळ्यावर टाकला आणि विषय संपला. वहिनी दिवसभर राबायची, बोलायची नाही. ही एकदा माहेरी गेली की परत यायची नाही, अशी मला धास्ती बसली होती.

म्हणून कामावरून आले की मी तिला खेळायला बसवायचे. बटणं तिच्या हातात; इंग्रजी संवाद मी आपल्या मालवणी बोलीत सांगायचे. मोठ्या लढाईआधी खेळ सेव्ह करून ठेवायची जागा आली की ती मला गाऱ्हाणं घालायला लावायची. ‘बा देवा म्हाराजा, ह्या पोरांका सांभाळ!’ मी म्हणायचे, आणि ती खणखणीत ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायची. राक्षस मारण्याआधी देवाला विचारणारी खेळाडू जगात दुसरी नसेल. पण ती हसायला लागली होती, मला तेवढं पुरे होतं.

मग आम्ही जो भाग लावला त्यात कंदील धरून सगळ्यांच्या पुढे चालणारी एक लहान मुलगी होती. वहिनीचा तिच्यावर फार जीव; ‘चेडू’ म्हणायची तिला, म्हणजे आमच्या बोलीत मुलगी. मी तो भाग आधी खेळले होते. डोंगर ओलांडला की ती मुलगी मरते. मी काय करणार? ‘अजून ताकद कमी आहे,’ म्हणत वहिनीला रानातच फिरवत राहिले.

एका संध्याकाळी तिने बटणं खाली ठेवली. ‘तू माका मुद्दाम रानात फिरवतंस. ता चेडू इला की तू वाचताना अडखळतंस. मरता मां ता?’

मी मान डोलावली.

‘मगे बाकीचे तेचा नाव घेतत?’

घेतात. पुढच्या प्रत्येक मुक्कामावर तिच्याबद्दल बोलतात, भांडतातसुद्धा. मी तसं सांगितलं.

‘मगे चल डोंगरार. आपल्या घरात तर कोणच बोलणा नाय.’

आम्ही डोंगर ओलांडला. वहिनी मोकळेपणी रडली, मी तिच्याहून जास्त. लढाया आणि चित्रं गेली खड्ड्यात. जो भाग मागे राहिलेल्यांना बोलायला वेळ देतो, तोच मोठा, असं तेव्हापासून माझं म्हणणं आहे.

रडणं ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. ‘कोण गेला गो?’

खेळातली मुलगी, असं मी सांगणार होते.

‘माझा चेडू,’ वहिनी म्हणाली, आणि मनात ठरवून ठेवलेलं नाव तिने सांगितलं. आई उंबऱ्यावरच बसली. थोड्या वेळाने तिने ते नाव, हाक मारावी तसं, एकदा मोठ्याने घेतलं.