सलीममामूंची साक्ष

शहागंजात सलीममामूंचं नान-खलियाचं, म्हणजे रोटी आणि मटणाच्या तिखट रश्श्याचं, दुकान होतं. दुकानात बाक एकच आणि त्यावर बहुतेक वेळा कुणीतरी घोरत पडलेलं. कधी हमाल, कधी रिक्षावाला. एकदा तर मुंडावळ्यांसकट नवरदेव! मग आम्ही गिऱ्हाइकं ताटल्या हातात धरून रस्त्यावर उभ्यानं जेवायचो. कुणी मोठ्यानं हसलं की मामू पळी उगारायचे. “आहिस्ता! सोया है उनो.”

“मामू, उठवा की त्याला.”

“नक्को पंडत. खाना मी परत गरम करून देतो. त्याची झोप तू देणार काय?”

मला ते पंडत म्हणत. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद, त्यामुळे मी तिथं फक्त ‘मित्राला भेटायला’ जात असे. मित्राला तिखट जरा जास्त असायचं, एवढंच.

झोपलेल्याला न उठवायची ही सवय मामूंना आखातात लागली. बांधकाम मजुरांच्या छावणीत ते वर्षानुवर्षं भटारखाना सांभाळत. रात्रपाळीचे लोक दिवसा झोपायचे. सगळ्या खोलीचा एकच कायदा होता : झोपलेल्याचं पांघरूण कुणी ओढायचं नाही.

मामूंचा हातखंडा प्रयोग म्हणजे तिथला खुनाचा खटला. त्यात न्यायाधीश मी! उलट्या पातेल्यावर बसून, खांद्यावर जेवताना अंथरायचं दस्तरखान घेऊन मी गरजायचो, “साक्षीदार हाजिर!” गल्ल्यावर बसलेल्या मुमानी, म्हणजे मामूंच्या बेगम, कपाळाला हात लावायच्या.

घडलं होतं ते असं. एका दुपारी छावणीचा मुकादम गोदामामागे मरून पडलेला सापडला. पोलिसांनी दोघांना धरलं. एक आमच्या पिशोरचा बबन. सकाळीच त्याचं मुकादमाशी वाजलं होतं. दुसरा निजामाबादचा रामलू. मुकादमाला उचलायला धावला आणि रक्तानं माखला. रामलू सांगत होता, बबनला मी पळताना पाहिलं. बबन सांगत होता, मी खोलीत झोपलो होतो. अशात मामू साक्षीला उभे राहिले.

“बबनला झोपलेला पाहिलास?” मी पातेल्यावरून विचारायचो.

“हौ हुजूर. खून झाला त्याच वेळेला रोट्या ठेवायला मी खोलीत गेलो होतो. आपल्या खाटेवर पडला होता.”

बबन सुटला. रामलू खोटा ठरला, त्याला जन्मठेप झाली. पण आमचा प्रयोग बबनच्या सुटकेवर संपायचा. टाळ्या पडायच्या. आपल्याकडचं पोर वाचलं होतं ना!

बबन अधूनमधून पिशोरहून यायचा. मामू त्याला भाच्या म्हणायचे, नळी त्याच्याच ताटलीत वाढायचे. एकदा प्रयोग ऐन रंगात असताना तो आला. टाळ्या झाल्या, लोक पांगले. तो नळी चोखत खुशीत म्हणाला, “मामू, खरं सांगू का? खाटेवर मी नव्हतोच. पांघरुणाखाली गाठोडं होतं. म्हटलं, मामू काय पांघरूण ओढायचा नाय!”

मी हसलो. मला वाटलं, प्रयोगात नवा प्रवेश आला. मामू हसले नाहीत.

“मग मुकादम?”

“लई माजला होता. आता सोडा की. मी सुटलो ना!”

“आणि रामलू?”

“त्याचं कोण हाय हितं विचारायला?”

मामूंनी त्याच्यापुढची ताटली उचलली आणि मोरीत ठेवली. तो गेला. त्या दिवशी खलिया तसाच उरला. बाकावर कुणीही नव्हतं, तरी मामू उभेच होते. “पंडत, मी पांघरूण पाहिलं. माणूस पाहिलाच नाही,” एवढंच म्हणाले.

मी ठाण्यात जाऊन जबाब दिला. बबन तिथं हसून म्हणाला, “मस्करी केली व्हती साहेब.” मामूंनी आखातात जायचं काढलं. मी पुष्कळ अडवलं. “खोट्या साक्षीबद्दल तुम्हालाच आत टाकतील!”

“टाकू दे. रामलू तिथं माझ्या तोंडामुळं बसलाय. माझंच तोंड न्यावं लागंल.”

विमानतळावर जाताना आयुष्यात प्रथमच मुमानी त्यांच्याशी भांडल्या नाहीत. ते मला फार वाईट लक्षण वाटलं.

मामूंनी तिकडच्या कोर्टात साक्ष फिरवली. खटला पुन्हा उभा राहिला आणि रामलू सुटला. मामूंचा पासपोर्ट मात्र कोर्टानं ठेवून घेतला : खरा आरोपी हजर होईपर्यंत देश सोडायचा नाही. मी फोनवर विचारलं, “रामलू भेटला? काय म्हणाला?”

“समोरून गेला. बघितलंसुद्धा नाही. बरोबर केलं त्यानं. मी असतो तर शिव्या दिल्या असत्या.”

दुकान आता मुमानी चालवतात. परवा मी ‘मित्राला भेटायला’ गेलो होतो. तेवढ्यात मोटारसायकल थांबली आणि बबन उतरला. त्याची हिंमत बघून मी हातातला घास परत ताटलीत टाकला. तो बाकावर ऐसपैस बसला आणि मोठ्या मायेनं म्हणाला, “मुमानी, मामू कधी येणार वो?”

मुमानींनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

“तू जिस दिन उधर जाताय बेटा, उस दिन आते उनो.”