जखमेला चारा घालणाऱ्या मालतीबाई

मालतीबाईंची आणि माझी ओळख एका उष्ट्या ताटावरून झाली. परळच्या इस्पितळात मी नर्सिंग शिकायला नुकतीच लागले होते आणि बाई आमच्या वॉर्डाच्या सिस्टर होत्या. मी एका पेशंटचा ताप, नाडी धडाधड सांगू लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "ते राहू दे. ताटात काय उरलं?" मी पाहिलंच नव्हतं. "मग पेशंट पाहिलास कुठे तू?" एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

मी जात्याच काळजीखोर. बाई मला चिंतामणी म्हणत. "आली आमची चिंतामणी, आज कोणाचं काय?" अशी रोज थट्टा चाले. पण संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत मला खरीच काळजी लागली, तेव्हा माझा चेहरा पाहूनच त्या थट्टा विसरल्या.

माझा थोरला भाऊ, दादा, लालबागच्या चाळीत राहायचा आणि गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. एका मोर्चाच्या पळापळीत तो पडला आणि मांडीचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आल्यावर उताणा पडून पडून त्याच्या माकडहाडावर शय्याव्रण झाला, ज्याला आपण बेडसोअर म्हणतो तो. आधी रुपयाएवढा होता, बघता बघता तळहाताएवढा झाला. अंगात कणकण राहू लागली. अशा व्रणांनी माणसं दगावतात हे मी वॉर्डात पाहिलं होतं, म्हणून भीती जास्त.

बाई ड्यूटी संपवून, फणसवाडीला घरी जायचं सोडून, माझ्याबरोबर लालबागला आल्या. जखमेकडे पाहायच्या आधी त्यांनी ताट मागितलं. ताटात पेज होती आणि तीही अर्धी उरलेली. वहिनी म्हणाली, "डाळ देणंय नाय बाई, पू होता. अंडा गरम पडता. जखम चरत चललीहा, म्हणान पथ्य कडक ठेवलंय."

"चरतेय ना?" बाई म्हणाल्या. "मग चारा कुठाय तिचा? तुम्ही नाही घातलात तर ती ह्यांनाच चरणार."

वहिनीचं पथ्य एक वेळ सुटलं असतं, दादाचं सुटणं कठीण होतं. आम्ही मालवणकडची माणसं, माशाशिवाय आमचा घास उतरत नाही. आणि ह्या पठ्ठ्याने चाळीतल्या दत्तासमोर पाणी सोडून शपथ घेतली होती, "मुंबय गावल्याशिवाय माशाक हात लावचंय नाय." त्यात डॉक्टरांनी माशाच्या यकृताचं तेल लिहून दिलेलं. वहिनीने बाईंना बाजूला घेऊन विनवलं, "तेका सांगा नको. दुधात घालून देवया." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. भाऊ जगायला हवा, शपथेचं मागून पाहू.

बाईंनी मान हलवली. "त्यांच्या पोटात जाईल ते त्यांना सांगूनच जाईल." त्यांनी बाटली दादासमोर धरली आणि ती कशाची आहे ते सांगितलं. दादाने तोंड फिरवलं. बाईंनी मात्र बाटली निमूट पिशवीत टाकली आणि विचारलं, "शपथ नेमकी कशाची?"

"माशाची."

"अंडं कुठल्या दर्यात पोहतं?"

दादा कित्येक दिवसांनी हसला. मग म्हणाला, "आणि मुंबय गावलीच नाय तर?"

"तर अंडी खाऊन जगा. जगलात तर मागाल."

त्या दिवसापासून अंडी, घट्ट वरण, दुधाच्या भुकटीचं दूध, मोसंबी आणि जोडीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या असा रतीब सुरू झाला. मी गोळ्यांवरच सगळी भिस्त ठेवून बसले तेव्हा बाई रागावल्या, "गोळ्या म्हणजे फोडणी गं, भाजी नव्हे. आणि कूस बदलली नाहीस तर हे सगळं खाल्लेलं मातीत." आम्ही आळीपाळीने कूस बदलत राहिलो. आठवडेच्या आठवडे काही फरक दिसेना. मी रोज कडा बघायची आणि रोज रडायची. मग एक दिवस तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसलं. बाई जखमेवर वाकल्या आणि नुसतं "हं" म्हणाल्या. त्या "हं"वर मी त्या दिवशी पोटभर जेवले.

जखम भरली तेव्हा मुंबई महाराष्ट्राला अजून मिळायची होती. मिळाली त्या दिवशी दादा काठी टेकत फणसवाडीला गेला, हातात सरंगा, म्हणजे पापलेट, घेऊन. "पयलो घास तुमच्याकडे," म्हणाला. बाईंनी स्वतः तळून वाढला आणि काटा लागेल म्हणून शेजारी बसून राहिल्या.

आज बाईंच्या पंच्याहत्तरीला आपण सगळे शाल-श्रीफळ घेऊन जमणार आहोत. पण त्या पडल्यापासून अंथरुणाला खिळल्या आहेत हे काहींना ठाऊक नसेल. त्यांची भाची सांगते, दोन चमचे भातावर ताट सरकवतात आणि म्हणतात, "आता ह्या वयात कशाला लागतं गं?" परवा त्यांची कूस बदलताना माकडहाडावर लालसर डाग दिसला. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. ज्यांनी आम्हा सगळ्यांना ताट बघायला शिकवलं, त्यांच्याच ताटात अन्न उरावं, हे मला सोसत नाही.

म्हणून काल मी त्यांच्यासमोर पाणी सोडलं. बाई स्वतः उठून जेवायला पाटावर बसेपर्यंत मी माशाला शिवणार नाही. बाई म्हणाल्या, "चिंतामणी, वेडी आहेस." पण अर्धं अंडं खाल्लं.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे तर आपण सगळे म्हणूच. माझं मागणं त्याहून लहान आहे. बाई, दादाला धीर धरता आला, कारण त्याच्याजवळ तुम्ही होतात. माझ्याच्याने माशाशिवाय फार दिवस निघणार नाहीत. उरलेलं अर्धं तेवढं खा.