लाल रिबन, निळी रिबन आणि दोन जुळी कार्डं

भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रोझलिन रोज सकाळी आम्हा दोघींच्या वेण्या बघायच्या. लाल रिबन म्हणजे मी, सुमन; निळी म्हणजे मंगल. आम्ही जुळ्या... आणि मधल्या सुट्टीत रिबनी बदलणाऱ्या.

सिस्टरही कमी नव्हत्या. एकीला पाणी प्यायला बाहेर पाठवायच्या आणि लगेच हजेरी घ्यायच्या. ज्या नावाला उत्तर नाही, ती बाहेर! मग आत राहिलेली दोन वेगवेगळ्या आवाजांत "प्रेझेंट, सिस्टर" म्हणायची...

हे सगळं परवा आठवलं, तेही कॉम्प्युटरच्या मागे गुडघ्यांवर बसलेली असताना.

शाळेतून रिटायर झाल्यावर जळगावच्या घरात पुढच्या खोलीत मी अभ्यासिका चालवते. तिथल्या मुख्य कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एकातून बाहेरचं इंटरनेट आत येतं, दुसऱ्यातून ते मुलांच्या चार कॉम्प्युटरना जातं. दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, अगदी सारखी. स्क्रीनवर नावं काय, तर 'इथरनेट' आणि 'इथरनेट २'. आमच्या आईनेसुद्धा याहून बरी नावं ठेवली होती!

परवा धूळ पुसताना मी दोन्ही वायरी एकदम उपसल्या. काळजी नव्हती, कारण कार्डं बसवणाऱ्या रमेशभाऊंनी कॉम्प्युटरच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती... 'उजवं – इंटरनेट'. मी समोर बसून मागे हात घातला, उजवीकडे इंटरनेटची वायर खोचली, डावीकडे दुसरी. इंटरनेट गायब.

मग मी शहाणपणा केला. सेटिंगमध्ये शिरून दोन्ही कार्डांचे नंबर, म्हणजे त्यांचे नेटवर्कवरचे पत्ते, एकमेकांत बदलले. तरी गायब; इंटरनेटवाल्यांकडे नोंद एकाच कार्डाची असते, हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात नफिसा आली. आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्यांची मुलगी. तिचा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता, शेवटची वेळ संध्याकाळी पाच. कागद सगळे याच कॉम्प्युटरमध्ये, मोबाइलवर ती साइट उघडेना. घड्याळात पावणेचार. "टीचर, होईल ना?" एवढंच म्हणाली.

रमेशभाऊ साक्रीला लग्नात, फोन बंद. शेवटी धुळ्याला मंगलला लावला. तिकडे सून होऊन गेल्यापासून तिचं कॉन्व्हेंटचं इंग्लिश विरलं आणि अहिराणी चढली. चिठ्ठी वाचून दाखवली, तर म्हणते, "कोनं उजवं? तुनं का त्या डब्बानं?"

रमेशभाऊंनी मागून बघून लिहिलेलं, मी पुढून वाचलेलं! वायरी बदलल्या... पण सेटिंग मीच उलटं करून ठेवलेलं. आता कुठलं नाव कुठल्या कार्डाचं, काही कळेना.

"अगं, एकीला पाणी प्यायला पाठव आणि हजेरी घे," मंगल म्हणाली.

इंटरनेटची वायर काढली. स्क्रीनवर 'इथरनेट २' समोर लाल फुली! म्हणजे बाहेर गेलेली ही. दुसरीने तिच्या वतीने "प्रेझेंट" म्हटलं नाही. कार्डं आमच्यापेक्षा प्रामाणिक निघाली. नंबर जागच्या जागी घातले, वायर खोचली... आणि साइट उघडली. नफिसाचा फॉर्म साडेचारला गेला. पोरीने मला अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला.

सिस्टर, तुमची हजेरी अजून कामाला येते.

आता अभ्यासिकेत येणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते. लाल रिबन बांधलेली वायर बाहेरच्या इंटरनेटला, 'इथरनेट २'. निळी मुलांच्या कॉम्प्युटरना. रमेशभाऊंना त्यांची चिठ्ठी परत. नफिसाला माझा जुना इंग्लिश शब्दकोश. आणि उरलेली लाल रिबन धुळ्याला मंगलकडे... 'लाल माझी होती', असं ती पन्नास वर्षं म्हणतेय. असेलही.